डबा कुणी न्यायचा

गॅसवर दूध ठेवून विसरणारी तुम्ही माणसं. मी तोंडी सांगितलेलं माझ्यामागे आठवडाभरही टिकायचं नाही. म्हणून शेजारच्या निवृत्त कारकुनाकडून हे लिहवून घेते. मी, खाली अंगठा देणारी, पूर्ण शुद्धीत आहे. गुडघे सोडले तर सगळं जागेवर आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. आजवर कुणाची तशी हिंमत झालेली नाही.

१. राहतं घर नातीला. त्यावरचं छप्पर तिच्या भावाच्या, म्हणजे आपल्या ठोशाच्या पैशांचं. बॉक्सिंगमध्ये त्याचं नाव गल्लीच्या पलीकडे गेलं नाही. सावकाराच्या वसुलीत मात्र मुठी चालल्या. रिंगणात हरणारा पोरगा पैसे आणतो कुठून, हे मी विचारलं नाही. कळत होतं, म्हणूनच विचारलं नाही. घर गळायचं थांबलं, तेवढ्यावर गप्प बसले. कारकूनसाहेब, हे गाळू नका.

२. त्याने जिंकलेला एकुलता एक कप नातीने चमचे ठेवायला वापरावा, मी वापरते तसाच.

३. त्याला बॉक्सिंग शिकवून सावकाराच्या दारात नेणाऱ्या उस्तादाला माझ्या तिरडीला हात लावू देऊ नये. तसंही माझं वजन त्याला झेपणार नाही.

४. बँकेतली शिल्लक कोपऱ्यावरच्या शिंप्याला. ठोशाने वसुलीपायी त्याचा जबडा मोडला. ठोशा तुरुंगात गेला. जबडा वाकडाच सांधला. तेव्हापासून दर रविवारी मी शिंप्याला डबा नेते. परवा तो दारातच म्हणाला, "आजी, मारलं एकाने आणि डबा आणते दुसरीच. तो सुटून आलाय ना?"

५. म्हणून डबा ठोशाला. दुसरं काही नाही. सुटून आल्यापासून तो शिंप्याचं दुकान टाळायला लांबच्या रस्त्याने घरी येतो. बाळा, तुझ्याऐवजी मी जात राहिले आणि तुझं जाणं राहून गेलं. तेही माझ्याच माथी. आता तू जा. तो शिव्या देईल, त्या ऐक. हात खाली ठेव, तोंड झाकू नकोस.

साक्षीदार: लॉन्ड्रीवाला (सही), नर्सबाई (सही)
निशाणी: माझा डावा अंगठा
ठिकाण: मागची खोली, खिडकीजवळची खाट
दिनांक: ९ मार्च

अंगठा दिल्यावर सांगितलेले: भात आसट, डाळ घोटलेली, भाजी ठेचून. मिरची नको. डबा दोघांपुरता भरा. शिंपी ठोशाला बस म्हणाला तर दोघं जेवतील. नाही म्हणाला तर शिंप्याला रात्रीलाही होईल.