गुरुजींची वही आणि बायकोच्या चिठ्ठ्या

रविवार, संध्याकाळ

उद्याच्या सदरात आमच्या केम गावातल्या निवृत्त गुरुजींची सालटी काढायची होती. विहिरीचं पाणी उतरलं की ते वहीत लिहितात : तीन दिवसांत देशात कुठंतरी भूकंप. आज वही घेऊन स्वतःच दारात. म्हणाले, "आधी तपासा की. मग हसा."

तपासलं. वहीत यंदाची वीस भाकितं. म्हणून वर्षभराच्या तारखांच्या चिठ्ठ्या डब्यात घातल्या आणि बायकोला वीस उचलायला लावल्या. भूकंपांची यादी मोबाइलवर होतीच. गुरुजींची सतरा खरी ठरली, बायकोची अठरा.

"मला आता मठ काढून द्या," ती म्हणाली.

जमीन इतकी हलते? कुठल्याही तारखेवर बोट ठेवा, कुठंतरी हललेलीच. आणि आपण तिच्यावर मजले चढवतो. अंगावर काटाच आला.

गुरुजींनी खिशातलं लाल पेन काढलं, वहीवर 'नापास' लिहिलं, खाली सही केली. स्वतःच्या वहीवर! मला जमलं असतं? छे.

मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे पाणी उतरणं ही खूण न्हायच?"

"नाही, गुरुजी."

"किल्लारीच्या भूकंपात बहीण गेली. आदल्या दिवशी मी तिथंच होतो. तिची विहीर उतरलेली दिसली, पण बोललो न्हाय."

बायकोनं त्यांचा नेहमीचा बिनसाखरेचा चहा पुढं केला.

"वैनी, साखर घाला की," गुरुजी म्हणाले. "तिच्या नावानं सोडली होती."