मधली फळी

३ मार्च, सोमवार

सगळ्यात आधी आला तो दातांचा डॉक्टर. त्याच्या मागून बायको, आणि तिच्या मागून कठड्याला धरून, दर पायरीला थांबत, त्याची म्हातारी आई. घरमालक शेवटी. त्याला वरचा मजला विकायचाय. वरचा मजला म्हणजे माझ्या ह्या दोन खोल्या. एकेचाळीस वर्षं भाडं भरलं, पण भाड्यानं घर आपलं होत नाही. माहीत होतंच म्हणा. पण परक्या चपला दारात बघून नीट कळलं.

डॉक्टर माणूस बरा वाटला. आल्या आल्या माझ्या तोंडाकडे बघितलं, मी पदरानं दात झाकले. पुढच्या खोलीत दवाखाना करायचा, मागच्या खोलीत पेशंट बसवायचे. दोन खुर्च्या शेजारी शेजारी बसल्या तरच घेणार. मग मी मुलाकडे जायचं, हे मालकानंच ठरवून टाकलेलं. मोजायला काही आणलं नव्हतं. "काकू, टेप आहे का?" खालच्या शिंप्याची काजं करते मी, आता चाळीस वर्षं होतील. माझ्याकडे टेप नसेल तर कुणाकडे असेल? खुंटीवरची काढून दिली. सुरीला आपणच धार लावून द्यायची, त्यातला प्रकार.

दोनदा मोजलं. चार बोटं कमी पडली. "नाही जमत," म्हणाला.

मालकाचं तोंड उतरलं. माझं कसं झालं ते मला दिसत नव्हतं, पण मी सगळ्यांना चहा केला, मालकाला तर साखर जास्त घालून.

म्हातारीचं लक्षच नव्हतं. खिडकीशी माझ्या स्टुलावर बसून रस्ता बघत होती. सून म्हणाली, "चला आई, निघायचंय." तर म्हणते, "तुम्ही व्हा पुढे." पुढे व्हा काय, घर माझं — मी हसले, तीही हसली. समोरचे दोन दात नाहीत. मुलगा दातांचा डॉक्टर!

४ मार्च

छातीवरचा धोंडा उतरला. मुलाला फोन केला. तो म्हणतो, "आई, आज ना उद्या दुसरं गिऱ्हाईक येईलच. नवव्या मजल्यावर तुझी खोली तयार आहे." गुणाचा आहे, बोलायला जागा नाही.

नातीनं ही वही दिली तेव्हा म्हणाली होती, जिथे जिथे राहिलीस ते लिही, आणि सगळ्यात आवडतं कुठलं तेही. चौथी पास बाईला केवढा धडा. आज मन हलकं आहे तर लिहिते.

पहिलं घर शाळेच्या मागची खोली. वडील शिपाई होते. सुट्टी लागली की अख्खी शाळा आमची. मी रोज वेगळ्या वर्गात जाऊन झोपायची. अभ्यास सोडून शाळेत सगळं केलं.

मग सासर. दोन खोल्या, अकरा माणसं. सासूबाईंनी पहिल्या दिवशी मला अर्धी फळी दिली. उरलेल्या अर्ध्या फळीवर नणंदेच्या तेलाच्या बाटल्या. ती रोज बाटल्या दोन बोटं माझ्याकडे सरकवायची, मी रोज परत लोटायची. तोंडानं आम्ही कधी भांडलो नाही. आठ वर्षांचं भांडण सगळं फळीवर. आता दोघी फोनवर तासभर बोलतो, पण बाटल्यांचा विषय ती काढत नाही, मीही नाही.

मग हे घर. तीन फळ्या, आणि तिन्ही माझ्या. ह्यांनी सामान लावायला घेतलं, विचारलं, "मधल्या फळीवर काय ठेवू?" म्हटलं, "काही नको. थोडे दिवस मोकळी राहू दे." नुसती बघत बसायची मी तिच्याकडे. ह्यांना वाटलं बायकोला वेड लागलं.

मुलाकडे दोन महिने राहिले, गुडघा धरला होता तेव्हा. सुनेनं हातात पाणी दिलं, खोटं कशाला बोलू? पण माझी बॅग दोन महिने पलंगाखालीच. उघडू नका असं कुणी म्हटलं नाही. इथे कपडे लावा, असंही म्हटलं नाही.

६ मार्च, गुरुवार

शिंपी शर्टांचा गठ्ठा घेऊन वर आला. खुंटीकडे बघून म्हणतो, "मावशी, ही टेप अजून ठेवलीत? ही ताणलेली आहे, माप कमी दाखवते. मी टाकून दिली होती ना?"

टाकलेली म्हणूनच मी उचलली. काजाला माप लागतं अंगठ्याएवढं, तेवढ्यात ताण कुठून कळायचा? त्यानं खालून आपली टेप आणली. दोघांनी खोली मोजली. चार बोटं वाढली! डॉक्टरच्या दोन्ही खुर्च्या बसतात.

शिंपी हसून हसून गठ्ठ्यावरच बसला. "मावशी, घर वाचलं तुमचं. आता तोंडाला एक काज करा आणि वर बटण लावून टाका."

७ मार्च

तीन काजांचे टाके उसवले. डोळे ठीक आहेत.

८ मार्च, शनिवार

केला फोन. शिंपी नको नको म्हणत होता, नंबर मात्र त्यानंच लावून दिला.

माहीत नव्हतं तोवर ती चूक होती. माहीत झाल्यावर गप्प बसायचं म्हणजे लबाडी. आणि जन्मभर दुसऱ्याच्या मापानं काम केलेल्या बाईनं मापात लबाडी करायची? मग ह्या घरात बसून चहा तरी गोड लागेल का?

डॉक्टर म्हणाला, "काकू, हे सांगायला फोन केलात?"

"हो."

"पण राहता तुम्हीच ना तिथे?"

"हो."

"उद्या येतो," म्हणाला.

मुलाला सांगितलं, तर तो ओरडला. "आई, तुला कुणी विचारायला आलं होतं का?" कुणी नाही.

९ मार्च, रविवार

आज डॉक्टर लोखंडी टेप घेऊन आला. खुर्च्या बसल्या, अगदी नेमक्या. मी डबे पुसायला घेतले, म्हणजे कुणाकडे बघायला नको.

म्हातारीही आली होती. स्टुलावर बसून मला विचारते, "तो पिवळ्या टोपीचा आज दिसला नाही?" आमचा पोस्टमन. एकदाच बघितला होता तिनं.

म्हटलं, "रविवारी नाही येत."

"मग उद्या बघू."

डॉक्टर म्हणाला, "आई, उद्या कुठे?"

"इथे. मी इथे राहते."

"आपल्या घरात तुला काय कमी आहे?"

"काही नाही. सगळं आहे. तेच रोज बघते."

"आणि माझ्या खुर्च्या?"

"लोकांना तोंड उघडून वर बघायचंय. त्यांना रस्ता कशाला लागतो? लाव दुसरीकडे कुठेतरी."

सून म्हणाली, "आई, जिना झेपेल का?" तर म्हणे, "चौदा पायऱ्या. मोजल्यात. सातवी उंच आहे." ती सातवी पायरी मला कळायला वर्ष लागलं होतं.

मग माझ्याकडे वळली. "तुमची काही हरकत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्या घराबद्दल मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "स्टूल एकच आहे."

"मी माझं आणीन."

डॉक्टर कळवतो म्हणून गेला.

११ मार्च

काही कळवलं नाही.

१२ मार्च

मालक जिन्यात भेटला. गोदामासाठी कुणीतरी विचारतंय म्हणे. एवढा आनंदात होता की सातव्या पायरीला ठेचकाळला. मी हसले नाही. घरात येऊन हसले, मग रडले थोडी.

१४ मार्च, शुक्रवार

डॉक्टरचा फोन! घर घेतोय. दवाखान्याला जागा दुसरी बघणार. पुढच्या खोलीत त्याची आई, मागच्या खोलीत मी, भाडं आहे तेच. म्हटलं, "अहो, पण मी तुमची कोण?"

तो म्हणाला, "काकू, आईला एकटीला मी कुठेच सोडलं नसतं. तुमच्याजवळ सोडतो. चार बोटांसाठी फोन करणारं माणूस मला कुठे मिळणार?"

मागून म्हातारीचा आवाज आला, "अरे, त्यांना विचार, माझे कपडे कुठे लावायचे."

शिंप्याला सांगायला खाली गेले. शेवटच्या पायरीवरच बसले. तो म्हणाला, "मावशी, पाणी?" म्हटलं, "चहा आण. साखर नको घालू. गोडच लागणार आहे."

१५ मार्च

मधली फळी रिकामी केली. अर्धी नाही, अख्खी. पुसून ठेवली, वर काही मांडलं नाही. म्हातारीलाही थोडे दिवस मोकळी बघू दे.

गुरुवारी येते म्हणालीय. तिच्या स्टुलासकट.