बोल्गेरीत काळ्या मनुका

टोरांटो, ऑक्टोबर १९८१

प्रिय सिबिल मावशीस,

अल्बर्टचा शालोम. तुझे गुडघे कसे आहेत? माझं नाव निघालं की काका अजून पेपर तोंडासमोर धरतात का? (कॉलेज मी सोडलं, पेपरने काय केलंय?) माझी तब्येत उत्तम आहे. म्हणजे झोप नाही आणि घास उतरत नाही, एवढंच.

कारण लिआ. तिचे पप्पा, ज्युडा अंकल, ओकव्हिलला इंजिनिअर आहेत आणि हल्ली वाईनमधले जाणकार झालेत. मी लग्नाचा विषय काढला तर म्हणाले, "डिग्री अर्धी, अक्कल अर्धी, आणि मुलगी मात्र आख्खी पाहिजे?" माझं डोकं तुला ठाऊक आहे. मी म्हटलं, मागा काय हवं ते! त्यांनी मागितली इटलीतल्या समुद्रकाठच्या बोल्गेरी गावची रेड वाईन. आमच्या इथल्या सरकारी दारूदुकानात ती नव्हती (तिथल्या क्लार्कशी भांडलो, आता तिकडे तोंड दाखवायची सोय नाही). शेवटी ब्रॅम्पटनच्या वेअरहाऊसमधल्या माझ्या फोरमनने, जो बोल्गेरीकडचाच, स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी ठेवलेली बाटली काढून दिली. प्रेमाचं प्रकरण म्हटल्यावर गडी विरघळला.

शुक्रवारी अंकलकडे निघण्याआधी मनात आलं, खराब निघाली तर? म्हणून उघडून चाखली. मावशी, कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आखडली! गोडीचा पत्ता नाही. मी जन्मभर दर शुक्रवारी किद्दुशच्या प्रार्थनेला तुझ्या हातचं काळ्या मनुकांचं सरबत प्यालेला माणूस. मला वाटलं, नासली. मग आणखी चार घोट नाक दाबून पिऊन जागा केली, मनुका कोमट पाण्यात भिजवून कुस्करल्या, साखर घातली, गाळून बाटलीत ओतलं आणि बूच ठोकलं.

अंकलनी ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं. लिआने टेबलाखालून माझा पाय दाबला. अंकलनी घोट घेतला, डोळे मिटले. मग म्हणाले, "समुद्र लागतो जिभेला." आणि मला चक्क बेटा म्हणाले! पुढे म्हणाले, "डिसेंबरात हनुकाच्या सणाला माझा इटालियन साहेब जेवायला येतोय. अश्शीच आण. मग लिआचं बोलू."

तुझा घाबरलेला,
अल्बर्ट

ता. क. फोरमनकडे दुसरी बाटली नाही. रिकामी मात्र मी जपून ठेवली आहे, आत कुठलीही लाल वाईन चालेल. फक्त मनुका किती, साखर किती, ते उलट टपाली कळव. मी अंदाजाने घातली होती.

ता. क. पाकीट चिकटवणार तोच लिआचा फोन आला. पप्पा विचारत होते, "अल्बर्टच्या घरी किद्दुशचं सरबत कोण करतं गं?" मावशी, प्रमाण राहू दे. तू स्वतःच ये.