पिवळी बाटली

मेहरूण, जळगाव
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप वना नानांना सोनलचा नमस्कार.

मोनाली, आजोबांना पत्र तूच वाचून दाखवशील. मोठ्यानं वाच आणि मधलं काही गाळू नकोस.

नाना, तब्येत कशी आहे? चुन्यानं फुटलेले हात भरले का? धरणगावला थंडी अजून असेल. इकडे दुपारी पंखा लागतो. आई तुमची आठवण काढते. तुम्ही दिलेली तूरडाळ परवा संपली.

प्लांटवर सगळं ठीक आहे. तारेवरचा गंज काढायला तेच ॲसिड, धुतल्यावर तेच पाणी, तीच टाकी. टाकीत कॉस्टिक सोडणाऱ्या डोसिंगच्या पॅनलला आता काचेचं दार आणि कुलूप बसवलंय. किल्ली माझ्याकडे असते. बसवणारा इंजिनियर म्हणाला, "आता यात माणसाचा हात जाणारच नाही." अखिलशेठ हसले. मीही हसले.

सोबत एक टाइप केलेला कागद आहे. "माझ्या हातून नजरचुकीने यंत्र मॅन्युअलवर गेले, त्यामुळे ॲसिडचे पाणी नाल्यात गेले, मी स्वखुशीने राजीनामा देतो," असं त्यावर लिहिलंय. शेठ म्हणाले, "तुम्हीच चार ओळी लिहा. म्हातारा तुमचं ऐकतो. गुरुवारी चौकशी समिती बसायच्या आत सही आली, तर विषय मिटला."

चार ओळी लिहायला मी तीन दिवस घेतले.

तुम्ही मला शिकवलंत, हे तिथे कुणाला सांगितलं तर पटणार नाही. मी एम.एस्सी., तुम्ही सातवी. पहिल्याच आठवड्यात तुम्ही टाकीतलं मगभर पाणी फरशीवर ओतलंत. फरशी फसफसली. "दिखनं का पोरी? आकडा खोटं बोली, फरशी नई बोलस." मी हसून स्क्रीनकडे बोट दाखवलं होतं. प्रोब पाण्यात बुडलेला असतो, तो आंबटपणा मोजतो, ॲसिड मारायला पंप तेवढंच कॉस्टिक सोडतो, यात खोटं बोलायला जागा कुठे आहे, असं मी म्हणाले होते.

ॲसिड नाल्यात गेलं त्या दिवशी प्रोब बाटलीत राहून गेला होता.

हे वाक्य मी शेठनी केलेल्या चौकशीतसुद्धा बोलले नाही, म्हणून आधी ते लिहिलं. पण तेही खरं नाही. राहून गेला नव्हता. मी ठेवला होता.

पुण्याची गिऱ्हाईक मंडळी प्लांट बघायला यायची होती. शेठ म्हणाले, "सोनल, आकडा हलता नको. पाहुण्यांना सात दिसला पाहिजे, नुसता सात." आमच्याकडे ही पद्धतच आहे, तुम्हाला माहीत आहे. प्रोब तपासायचं ते पिवळं पाणी असतं ना, ज्यात आकडा नेमका सात येतो, त्या बाटलीत प्रोब बुडवायचा, पाहुणे गेले की परत टाकीत. दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी पाहुणे जेवायला थांबले आणि शेठनी मलाही पंगतीला बसवलं. शेवभाजी होती. मी दोनदा वाढून घेतली.

स्क्रीनवर सात. सात म्हणजे पाणी चांगलं, म्हणून पंप बंद. आणि टाकीतून नाल्याकडे ॲसिड चाललेलं.

तुम्हाला ते वासावरून कळलं की फरशीवरून, मी कधी विचारलं नाही. पाऊणला तुम्ही यंत्र मॅन्युअलवर घेतलंत, नाल्याची झडप बंद केलीत आणि चुन्याच्या गोण्या हातानं फोडून टाकीत ओतल्यात. तुम्ही नसता, तर पाणी तीन वाजेपर्यंत गेलं असतं. तोवर जेवढं गेलं, तेवढ्यानंच नाल्यावर गोधड्या धुणाऱ्या इंदिराबाईंचे हात पोळले.

आणि यंत्रानं काय नोंदवलं? सकाळपासून सात, सात, सात. पाऊणला मॅन्युअल, ऑपरेटर वना. अख्ख्या दिवसात यंत्राला माणसाचा हात दिसला तो एकच, आणि तो तुमचा.

मी जेवून आले तेव्हा प्रोब टाकीत होता. बाटली धुऊन रॅकवर उपडी ठेवलेली होती. नाना, ती मी धुतली नव्हती.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्हाला माहीत नसेल, असं मी दोन महिने स्वतःला सांगत आले.

शेठनी ऑफिसात पहिली चौकशी केली, तेव्हा विचारलं, "हात कुणी लावला?" तुम्ही म्हणालात, "मी लावला." "का लावला?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "मॅडमले इचारा." एरवी तुम्ही मला पोरी म्हणता. त्या दिवशी मॅडम म्हणालात, आणि वाट पाहत राहिलात.

मी म्हणाले, "लॉगमध्ये जे आहे, ते आहे."

तुम्ही टोपी घातलीत आणि उठलात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मागच्या महिन्यात माझी नोकरी पक्की झाली. शेठनी पेढे वाटले, "आपल्या सोनलनी कठीण वेळ सांभाळली." पेढा मी खाल्लासुद्धा.

नाना, त्या कागदावर सही करू नका. चुलीत घाला.

मी खरं सांगितल्यानं तुमचं काम परत मिळेल, अशी आशा मी दाखवणार नाही. तुमच्या जागेवर माणूस घेतलाच नाही, कुलूप लावलंय. शेठ म्हणतील, बाटलीचं मी सांगितलंच नव्हतं, पोरीनं स्वतःच्या मनानं केलं. पुरावा माझ्याकडे नाही. मला माफ करा, असंही लिहीत नाही. माफी मागायची वेळ त्या खोलीत होती आणि तेव्हा तुम्ही समोर बसला होतात.

प्रोबला हात लावणाऱ्यानं रजिस्टरमध्ये तारीख, वेळ आणि नाव लिहायचं, हा नियम तुम्हीच माझ्याकडून पाठ करून घेतला होतात. त्या दिवसाची ओळ मी कोरी सोडली होती. काल ती भरली. त्या पानाचा फोटो आणि या पत्राची प्रत गुरुवारी समितीपुढे ठेवणार आहे. ओळ अशी आहे:

५ डिसेंबर. सकाळी अकरा दहा. प्रोब टाकीतून काढून पिवळ्या बाटलीत ठेवला. ठेवणारी –

सोनल