रानडुकरांच्या फलंदाजासाठी पाणकावळ्यांचं गाणं

शिओहामा,
ऑक्टोबरअखेर

प्रिय कोसेई,

शुक्रवारच्या पेपरात बेसबॉलच्या पानावर वाचलं. रानडुकरांच्या संघाने पुढच्या मोसमाआधी ज्या खेळाडूंना नारळ दिला, त्यांत तूही आहेस. एकोणतिसाव्या वर्षी घरी बसवलेल्या फलंदाजाला काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही, म्हणून त्याबद्दल मी काही लिहिणारच नाही. नात्सुमीचा फोन आला होता. म्हणाली, मावशी, ह्यांनी बॅटी पुसूनबिसून कपाटावर टाकल्यात आणि रोज सकाळी माझ्या बाबांच्या टायरच्या दुकानात जाऊन बसतात. नारळ मिळालेल्या खेळाडूंची पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे, सगळ्या संघांची माणसं तिथे बघायला येतात, पण नाव देणार की नाही यावर तू अवाक्षर काढत नाहीस म्हणे. बायको काळजीत आहे तुझी. एवढं कळवते आणि पुढे जाते.

पुढे म्हणजे आपल्या नेहमीच्या विषयाकडे. अठराव्या वर्षी तू आपल्या पाणकावळ्यांच्या दुय्यम संघात आलास आणि खेळाडूंच्या वसतिगृहातली पोरं तुला केस कापायला माझ्या दुकानात घेऊन आली, तेव्हापासून खुर्चीत बसलास की तुझं एकच असायचं, मावशी, आपलं यंदा कोणाविरुद्ध कसं चाललंय? जसं काही मी संघाची प्रशिक्षकच! पेपरात सगळं छापून यायचं, पण तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं असायचं, कारण मी शिव्या घालून सांगायचे. तुझ्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, त्यामुळे कात्री नीट चालवायला वेळ लागायचा आणि तेवढ्या वेळात पाचही संघ सांगून व्हायचे. यंदा तू रानडुकरांकडे, समोरच्या बाजूला होतास. तिथून आमचं काय दिसलं असणार? म्हणून बसून ऐक.

कोल्ह्यांपासून सुरुवात करते. राजधानीचा संघ, पैशाने माजलेला. त्यांना आम्ही यंदा चक्क जास्त वेळा हरवलं. कसं, ते कोणालाच कळलं नाही, आपल्या खेळाडूंना तर मुळीच नाही. मे महिन्यात त्यांच्या घरी जाऊन ओळीने तीन सामने मारले. परतीच्या गाडीत आपला कांजाकी, जल्लोष पथकाचा म्होरक्या, जन्मभर आगी विझवलेला माणूस, सगळ्यांदेखत ढसाढसा रडला आणि मग म्हणाला की डोळ्यात तिखट गेलं. घुबडांशी बरोबरी झाली. त्यांचे सामने इतके रटाळ की दुकानात रेडिओ लावला तर गिऱ्हाईक दाढी करताना झोपतं, आणि झोपलेल्या माणसाची दाढी चांगली होते, त्यामुळे माझी तक्रार नाही. हरणांना आम्ही खाल्लं. बिचारी तळाला आहेत, त्यांना कोणीही खातं. पण गेंड्यांनी आम्हाला पार तुडवलं रे. त्यांचा तो डावखुरा गोलंदाज उभा राहिला की आपले फलंदाज दंतवैद्याकडे आणलेल्या पोरांसारखे मागे मागे सरकायचे. आणि तुझ्या बदल्यात रानडुकरांकडून जो गोलंदाज आणला, तो जुलैत खांदा धरून बसला तो बसलाच. बाजारात सगळे म्हणतात, कोसेई दिला आणि दुखरा खांदा घेतला.

राहिली रानडुकरं. त्यांच्याविरुद्ध आमचं जे झालं त्याला मुख्य जबाबदार तू. वर्षभर तू इतर कोणाविरुद्ध काही म्हणता काही मारलं नाहीस. मी बघत होते ना. तुमचा सामना दाखवत असले की दुकानातला टीव्ही तिकडेच लावायचे. गिऱ्हाइकं कुरकुरायची, मी म्हणायचे, कान माझ्या हातात आहेत, जपून बोला. गेंड्यांसमोर, कोल्ह्यांसमोर, अगदी त्या गरीब हरणांसमोरसुद्धा तू तीनदा बॅट फिरवायचास आणि मान खाली घालून परत यायचास. आणि पाणकावळे समोर आले की तुझी बॅट बोलायला लागायची. ओकिता मासेवाला म्हणतो, त्याला आपले गोलंदाज ठाऊक आहेत ना, म्हणून. असेलही. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. मला माणसाचे खांदे तेवढे कळतात, कारण आयुष्यभर मी खांद्यांवर कापडं बांधली आहेत. रानडुकरांच्या त्या मातकट सदऱ्यात तुझे खांदे वर्षभर कानांना चिकटलेले होते. धसका घेतलेल्या माणसाचे खांदे.

आता ऑगस्टमधला तो सामना. तू तिथे होतास, तरी माझ्या बाजूने ऐक, कारण शहरात त्याच्या दहा तऱ्हा झाल्या आहेत. आठवा डाव, आम्ही दोन धावांनी पुढे, तुमचे दोघे बेसवर आणि बॅट घेऊन आलास तू. पाहुण्यांच्या कोपऱ्यातून तुमच्या पथकाने ते त्यांचं सरसकट गाणं लावलं. सगळ्या नवख्यांना आणि बदली खेळाडूंना वाजवतात तेच. मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की त्यांनी तुला स्वतःचं गाणं दिलेलंच नाही. पथकातल्या माझ्या जागेवर दोन्ही हात ट्रम्पेटवर ठेवून मी बसले होते. समोरचा संघ बॅटिंगला असला की आपण वाजवत नाही, हे मला तू जन्मायच्या आधीपासून ठाऊक आहे. तू मागे सरलास, बॅटने दोन्ही बुटांवर टकटक केलंस, मग आकाशाकडे बघून गाल फुगवलेस. बस. इतकी वर्षं त्या टकटकीनंतर मी जे केलं तेच माझ्या हातांनी केलं. ट्रम्पेट तोंडाला गेली आणि तुझं गाणं, ‘खारा वारा पाठीशी’, सुरू झालं.

मी एकटी असते तर खपून गेलं असतं. पण अर्धा स्टॅन्ड उठला रे! ‘खारा वारा पाठीशी, कोसेई, फेक आकाशी!’ टॉवेल फिरवत, पोरंबाळं, म्हातारे, सगळे. ढोलवाल्याने ढोल धरला. नंतर एकेकाच्या लक्षात यायला लागलं की हा माणूस आता आपला नाही, आणि गाणं ओळीच्या मध्येच विरलं. एवढ्या माणसांना एकदम शरम वाटलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि तू? तू एक पाऊल बाजूला झालास. आमच्याकडे पाहिलं नाहीस, पण मला दिसलं, तुझे खांदे खाली आले. पुढचा चेंडू तू असा भिरकावलास की तो थेट आमच्यातच येऊन पडला, कांजाकीच्या बर्फाच्या डब्यात. होम रन मारून तू हसला नाहीस. तिसऱ्या बेसजवळ टोपाला हात लावलास. कोणासाठी ते मी विचारणार नाही.

तो सामना आम्ही हरलो आणि मोसमाच्या शेवटी चौथे आलो. पहिल्या तिघांना पुढची फेरी मिळते. आम्ही एका सामन्याने हुकलो, आणि तो एक सामना कोणता, याबद्दल शिओहामात दुमत नाही. त्याच संध्याकाळी कांजाकी म्हणाला, इसोबेबाई, ट्रम्पेट द्या इकडे, मोसम संपेपर्यंत तुम्ही फक्त टाळ्या वाजवायच्या. खेळाडू दुसऱ्या संघात गेला की त्याचं गाणं मिटलं, पुन्हा गायचं नाही, हा नियम आपणच केला होता. मी म्हटलं, अर्धा स्टॅन्ड गात होता, आधी त्यांचे घसे जप्त करा. तर म्हणतो, त्यात मीही होतो, म्हणूनच मला जास्त राग आलाय! दिली ट्रम्पेट. दुकानात तर ऊत आला होता. ओकिता खुर्चीत बसतानाच विचारायचा, मावशी, वस्तरा तरी आपल्या बाजूने चालवाल ना? मी त्याच्या मिशा दोन्हीकडे वेगवेगळ्या कापून पाठवल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. पाणकावळे पुढच्या फेरीत गेलेले मला मरायच्या आधी बघायचे आहेत. पण तुझा तो फटका बसलाच नसता तर बरं, असं मला वाटत नाही, हेही तितकंच खरं. ती चाल तू पहिल्यांदा मुख्य संघात आलास त्या आठवड्यात मी दुकान बंद करून बसवली होती. शाळेच्या बँडमध्ये शिकलेल्या सुरांवर दुसरं काय जमणार होतं मला? पण तुला ती आवडली होती. दारात उभं राहून कान लाल होईपर्यंत ऐकलीस.

आता गेल्या रविवारची गोष्ट. एक अनोळखी माणूस दाढीला आला. जाडजूड, अबोल, बोटांत टोपी फिरवत बसलेला. गरम टॉवेल काढला, फेस लावला, वस्तरा गळ्याशी नेला आणि त्याच्या किल्ल्यांना लटकलेलं रानडुक्कर मला दिसलं. मी म्हटलं, पाहुणे कुठले? तो हलला नाही. ताकेयामाचा, म्हणाला, सेगावा माझं नाव, बस चालवतो, आणि तिथल्या पथकाचा म्होरक्या आहे, तुम्हाला कापायचं असेल तर कापा पण आधी ऐकून घ्या. मी वस्तरा खाली ठेवला. माणूस तीन तासांचा प्रवास करून आला होता. म्हणाला, आमच्याकडे अमुक इतके सामने सुरुवातीपासून खेळल्याशिवाय कोणाला गाणं मिळत नाही. तुमचा कोसेई उनो कधी बसला नाही त्या हिशेबात. पेपरात त्याची बातमी वाचली तेव्हा वाटलं, वर्षभर तो आमच्यासाठी उभा राहिला आणि आम्ही त्याला एक ओळसुद्धा दिली नाही. त्या दिवशी तुमच्या गाण्यावर त्याने जे मारलं ना, बाई, तसं आमच्या गाण्यावर कधीच मारलं नाही. मग मान खाली घालून त्याने विचारलं, तुमची चाल आम्हाला शिकवाल का? मी म्हटलं, आधी दाढी पूर्ण होऊ दे, अर्ध्या फेसात मी कोणाशी बोलत नाही.

तर हे पत्र मी का लिहिते ते आता सांगते. सेगावाला घेऊन मी कांजाकीकडे गेले. मला वाटलं, म्हातारा त्याच्यावर पाण्याचा पाइप सोडेल. त्याने दोघांनाही बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, नियम दुसऱ्या संघात गेलेल्या खेळाडूसाठी आहे. कोसेई आज कोणत्याच संघात नाही. मग नियम लागू होतोच कुठे? असं म्हणून त्याने आतून ट्रम्पेट आणून माझ्यासमोर ठेवली. निवड चाचणीच्या मैदानात वाद्यं न्यायला बंदी आहे, म्हणून आम्ही नुसत्या तोंडाने गाणार आहोत. सेगावाने आपल्या ओळखीने बस ठरवली आहे, तीही तोच चालवणार. आधी ताकेयामाची माणसं चढतील, मग शिओहामात आम्ही, आणि वाटेत सगळ्यांना चाल पक्की करून घेईन मी. त्यांचे सूर भयंकर आहेत. सामुदायिक सभागृहात एकदा तालीम झाली, तेव्हा ‘पाठीशी’वर सगळी रानडुकरं घसरली आणि ओकिता हसून हसून खुर्चीवरून पडला. नाव द्यायची मुदत सोमवारपर्यंत आहे. तू नाव दिलं नाहीस, तर तुझा पुकारा होणार नाही, हे मला कळतं. पण बस ठरली आहे, तेव्हा आम्ही येणारच. दुपारच्या सुट्टीत मैदान मोकळं झालं की दोन्ही गावची माणसं एकत्र उभी राहून तुझं गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गातील. ते मोकळ्या मैदानासाठी म्हणायचं की तुझ्यासाठी, तेवढं तू ठरव. मोकळ्या मैदानासाठी गायचं म्हटलं तर माझ्या तोंडून आवाज निघायचा नाही रे. बॅटी खाली काढ.

तुझीच, आणि तरीही पाणकावळ्यांचीच,
फुमी मावशी