बबन्याचे पॉइंट

सोमवार, दिवेलागणीला

शाळेचा आजवरचा सगळ्यात भारी पैलवान उद्या ठरवणार हायेत, भिंतीवर नाव रंगवायला. तेव्हा माझ्याच वर्गात असलेला, आता माझ्यासारखाच म्हातारा झालेला बबन्या आज शाळेतल्या पोरांना सांगत होता, "आताचे पॉइंट लावा, मीच भारी. ह्याला मी जत्रेत हरवलाच असता." ह्याला म्हणजे मला! शाळेत असतानाची ती कुस्ती बरोबरीत सुटली, नारळ फोडून अर्धा अर्धा दिला. तेव्हा अर्धा नारळ गुपचूप खाल्लास ना?

बरं, लाव आताचे नियम. आता बाहेर पळणाऱ्याचा पॉइंट समोरच्याला जातो. आणि बबन्या सारखा आखाड्याबाहेर पळत होता. उद्या त्याच्या बायकोलाच शाळेत नेतो. तेव्हा लग्नाआधी तीच पुढं बसून त्याच्यावर ओरडत होती, "मेल्या, पळतोस कुठं?" तो किती वेळा पळाला, ते पोरांसमोर तिलाच मोजू दे.