कोरल आले तेव्हा

३० ऑगस्ट, शनिवार
तळं गेलं. व्हीलचेअर ढकलत काठापर्यंत नेली, तर पत्र्याचं कुंपण. फटीतून पाहिलं — लाल मातीचे ढीग, दोन डंपर. पाण्याचा थेंब नाही. यांनीही पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

दरवर्षी पाऊस ओसरू लागला की हे पहाटे इथे यायचे. लांबून येणारे पक्षी बघायला. मी कधी सोबत आले नाही. मार्चमध्ये झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता यांची दुर्बीण माझ्या गळ्यात, आणि मला त्यातून धड दिसतही नाही.

२ सप्टेंबर
दिवसभर पाऊस. भात भरवला. अर्धा अंगावर.

५ सप्टेंबर, शुक्रवार
बोलायला शिकवणाऱ्या मॅडमकडे गेलो. कपाचं चित्र, घराचं चित्र, झाडाचं. यांचे ओठ हलतात, आवाज नाही. मॅडम म्हणाल्या, जे यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत येतं, पुढे फार अपेक्षा ठेवू नका. यांच्यासमोर म्हणाल्या! यांना सगळं समजतं, फक्त शब्द सापडत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

रिक्षात हे बाहेर बघत राहिले. मी पदर तोंडाला लावून बसले.

१४ सप्टेंबर, रविवार
यांचे पक्षीमित्र दिलीप आले. मोठ्यांदा बोलत होते, जणू यांचे कान गेलेत. "मारोतराव, दिवाळे गावच्या धक्क्यावर या. ओहोटीला चिखलावर कोरल उतरतील. आपला लांब चोचवाला." यांनी नुसतं बघितलं. मीच म्हटलं, येऊ.

अश्विनचा पुण्याहून फोन. आई, उगाच दगदग करू नकोस म्हणाला. मग घरात बसून काय करू? भिंतीकडे बघत बसतात.

२० सप्टेंबर
दिवाळ्याला गेलो. धक्क्यावर रिक्षावाल्याने खुर्ची उतरवून दिली. जाळं निवडत बसलेल्या एका कोळीणबाईंनी, दुर्गाबाई त्यांचं नाव, आपल्या छपराखाली जागा केली. "इथं बसव त्यांना. सावली हाय." कधीपासून असं, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चहा दिला.

चिखलावर एकच तुतवार. शेपूट सारखं वरखाली. त्याचं नाव तेवढं मला येतं. यांच्या डोळ्यांना दुर्बीण लावली. मान खाली गेली.

२१ सप्टेंबर, रविवार
आले. खाडीवरून आधी आवाज आला, मग थवा. वीसेक असतील, जास्तच. तपकिरी, चोच खाली वाकलेली, कोयत्यासारखी. चिखलात खुपसून खेकडे ओढत होते. दिलीप तर लहान मुलासारखे झाले. मलासुद्धा क्षणभर बरं वाटलं. म्हटलं, अहो, बघा, तुमचे कोरल!

यांनी तोंड फिरवलं. छपराच्या बांबूकडे.

खुर्ची वळवली. पुन्हा फिरवलं. दिलीपनी दुर्बीण खाली घेतली. दुर्गाबाई म्हणाल्या, "जाऊ दे, बाय. घरी ने."

याच्यावरच तर माझी सगळी भिस्त होती. आता काही उरलं नाही. तळं नाही, शब्द नाहीत, पक्षी आले ते नकोत. उद्यापासून काय सांगू यांना? कशासाठी उठवू?

२२ सप्टेंबर
तरी बाहेर नेलं. सवय म्हणून. पाऊस आला, भिजून परतलो.

२३ सप्टेंबर
अंगात कणकण. यांना पुसून काढलं. दोघंही झोपून.

२४ सप्टेंबर, बुधवार
सकाळी बाहेर न्यायला यांचा सदरा चढवत होते. यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "नको."

स्पष्ट. यांचाच आवाज.

काय म्हणालात, विचारलं. "नको." कपाळावर आठी, राग आलेला. मी बटणं सोडली. मग पुन्हा विचारलं, जायचं का — नुसतं यांचं ‘नको’ ऐकायला.